कुणाची वाट पाहतोय हा ड्रायव्हर?

लिनक्सवर चालणाऱ्या मशीनला वाय-फाय बंद करायची आज्ञा द्यावी आणि ती आज्ञा संपूच नये, असा एक बिघाड आहे. एरर येत नाही. मशीन तापत नाही, पंखा जोरात फिरत नाही. माउस हलतो, उघडी फाइल सेव्ह होते, गाणं चालू असेल तर तेही वाजत राहतं. फक्त ती एक आज्ञा पडद्यावर तशीच उभी राहते. कंट्रोल-सी दाबलं तरी हलत नाही. प्रोसेस ठार करायचा शेवटचा उपाय म्हणजे ‘किल मायनस नाइन’, तोही चालत नाही. दुसऱ्या खिडकीतून नेटवर्कची सेटिंग बदलायला जावं तर ती आज्ञाही पहिलीच्या मागे रुतते. रीबूट करू म्हटलं तर रीबूटही अडकतो, कारण मशीन बंद होण्याआधी नेटवर्क खाली घ्यावं लागतं आणि ते घेणारा रस्ता त्याच जागी तुंबलेला असतो. मग पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आत डोकावलं तर जे दिसतं ते मला विलक्षण वाटतं. कर्नलमधलं एक छोटंसं फंक्शन क्षणाक्षणाला जागं होतं, मेमरीतलं एक बिट तपासतं, ते अजून 1 आहे असं पाहतं आणि पुन्हा झोपतं. ते बिट कुणीतरी 0 करेल याची ते वाट पाहतंय. आणि ते बिट 1 केलेलं असतं त्याच ड्रायव्हरने, त्याच फंक्शनला आधी एकदा हाक मारून. या फंक्शनच्या एकाही ओळीत चूक नाही. लिहिणाऱ्यांनी जसं सांगितलं तसंच ते वागतंय. तरीही मशीन अडकलेलं आहे.

हे वाट पाहणं मुळात कशासाठी, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

नेटवर्क कार्डावर पॅकेट आलं की कार्ड प्रोसेसरला इंटरप्ट देतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून पॅकेट उचलतो आणि परत कामाला लागतो. पॅकेटं थोडी असतील तोवर हे छान चालतं. पण 1 गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान आकाराची पॅकेटं सलग आली, तर सेकंदाला सुमारे 14 लाख 88 हजार येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला 672 नॅनोसेकंद. प्रत्येकासाठी इंटरप्ट घेत बसलं तर प्रोसेसर फक्त दार उघडण्यातच गुंततो, आलेल्या पॅकेटचं पुढे काही करायला त्याला उसंतच मिळत नाही. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी 1996 मध्ये या अवस्थेवर निबंध वाचला आणि तिला ‘रिसीव्ह लाइव्हलॉक’ म्हटलं. भार वाढवत नेला की एका मर्यादेपर्यंत काम वाढतं, त्यानंतर ते चक्क घटू लागतं. मशीन शंभर टक्के राबत असतं आणि हाती मात्र काही लागत नाही.

लिनक्सने यावर काढलेला तोडगा म्हणजे नॅपी. नाव साधंच, ‘न्यू एपीआय’चा संक्षेप. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी 2001 मध्ये तो मांडला. पहिलं पॅकेट इंटरप्ट देऊन येतं. ड्रायव्हर लगेच कार्डाचे इंटरप्ट मिटवतो आणि कर्नलला सांगतो, आता तूच ये आणि रांगेत काय आहे ते उचल. कर्नल सवडीने येऊन एका फेरीत साधारण 64 पॅकेटं उचलतो. रांग संपली नसेल तर पुन्हा फेरी. संपली असेल तर ड्रायव्हर इंटरप्ट परत चालू करतो. गर्दी नसताना इंटरप्ट आणि गर्दीत फेऱ्या, असा हा समतोल आज जगभरातल्या सर्व्हरांपासून घरातल्या राउटरपर्यंत चालतो. पंचवीसेक वर्षं झाली, त्याचा गाभा बदललेला नाही.

या सगळ्याचा पहारा एक बिट करतं. प्रत्येक नॅपीच्या स्थितीत अगदी पहिल्या जागेवर, शून्याव्या क्रमांकावर, ‘शेड्यूल्ड’ नावाचं बिट असतं. ते 0 असेल तर नॅपी मोकळा. फेरी मारायची तर आधी ते 1 करायचं, आणि तेही ‘टेस्ट अँड सेट’ या अखंड क्रियेने. बिट 1 करणं आणि आधी ते काय होतं हे जाणून घेणं या दोन गोष्टी प्रोसेसर अशा एका दमात करतो की मध्ये दुसऱ्या कुठल्या कोअरला शिरायला फट राहत नाही. आधीचं मूल्य 0 निघालं तर नॅपी तुमचा झाला. 1 निघालं तर तो दुसऱ्या कुणाकडे आहे, तुम्ही हात लावायचा नाही. फेरी आणि रांग दोन्ही संपली की बिट पुन्हा 0.

आता वाय-फाय बंद करायचंय. रांगेची मेमरी परत द्यायची आहे, चिपची वीज काढायची आहे. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या कोअरवर फेरी चालू असेल, तर ती फेरी परत दिलेल्या मेमरीत हात घालेल. त्यामुळे नुसतं ‘बंद’ म्हणून भागत नाही. चालू असलेली फेरी संपली आहे आणि नवी सुरू होणार नाही, या दोन्हींची खात्री हवी. ‘नॅपी डिसेबल’ हे फंक्शन ती खात्री ज्या पद्धतीने मिळवतं, ती वाचली तेव्हा मी ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. बंद करण्यासाठी त्याने वेगळी यंत्रणा उभारलेली नाही. ते फक्त तेच शेड्यूल्ड बिट स्वतः पटकावतं आणि परत देत नाही. फेरी मारायला बिट हाती लागतं, बंद करायलाही तेच बिट हाती लागतं. फरक एवढाच की बंद करणारा ते ठेवून घेतो.

एखाद्या सोसायटीच्या गच्चीची एकच किल्ली खुंटीवर टांगलेली आहे असं समजा. ज्याच्या हातात किल्ली, तोच वर जाणार. सेक्रेटरीला वॉटरप्रूफिंगसाठी गच्ची बंद ठेवायची आहे. ते खुंटीपाशी येतात, किल्ली नसेल तर वर गेलेला माणूस खाली येईपर्यंत थांबतात आणि किल्ली खिशात घालून निघून जातात. फलक नको, दुसरं कुलूप नको. आता दुपारी त्यांना कुणी पुन्हा सांगितलं की गच्ची बंद करा. ते खुंटीपाशी येतात. किल्ली जागेवर नाही, म्हणजे कुणीतरी वर आहे. ते थांबतात. किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

माणूस खिसा चाचपून पाहील. बिटाला खिसाच नसतो. ते 1 आहे एवढंच सांगू शकतं, कुणी 1 केलं ते सांगू शकत नाही. ‘फेरी चालू आहे, क्षणभर थांब’ आणि ‘हा बंद आहे, आता कुणी येणार नाही’ या दोन अगदी वेगळ्या परिस्थिती, पण मेमरीत दोन्हींचं चित्र हुबेहूब सारखं. नॅपीच्या स्थितीत ‘डिसेबल’ नावाचं आणखी एक बिट आहे खरं. त्याचा अर्थ मात्र ‘कुणीतरी बंद करायला आलंय, नवी फेरी घेऊ नका’ एवढाच. बंद करून झालं की ते पुसलं जातं. म्हणजे काम चालू असतानाची खूण राहते, काम झाल्याची राहत नाही.

आणखी एक बारकावा. नॅपी जन्माला येतो तोच बंद अवस्थेत. ड्रायव्हर नोंदणी करतो तेव्हाच शेड्यूल्ड बिट 1 करून ठेवलेलं असतं आणि ‘नॅपी एनेबल’ ते पहिल्यांदा 0 करतं. एनेबल करायला गेलं आणि बिट आधीच 0 निघालं, तर कर्नल तिथेच मोठ्याने बोंब मारतो, कारण चालू असलेल्याला पुन्हा चालू करणं नक्कीच चूक आहे. डिसेबलच्या वेळी अशी बोंब मारता येत नाही. बिट 1 दिसणं ही रोजची, रास्त गोष्ट आहे. फेरी चालू असेल, संपेल. म्हणून दोनदा चालू करण्याची चूक गाजते आणि दोनदा बंद करण्याची चूक गप्प बसते.

आता ही चूक प्रत्यक्षात घडली तेव्हाची गोष्ट. क्वालकॉम अ‍ॅथेरॉसच्या 802.11एसी चिपांसाठी लिनक्समध्ये ‘एटीएच10के’ नावाचा ड्रायव्हर आहे. 2013 मध्ये तो कर्नलमध्ये आला, 2016 मध्ये त्यात नॅपी आला. या चिपांच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर असतो आणि त्यावर स्वतःचं फर्मवेअर चालतं. कुठलंही सॉफ्टवेअर कोसळतं तसं हे फर्मवेअरही कधी कोसळतं. अशा वेळी ड्रायव्हर आपण होऊन सगळं थांबवतो, चिप पुन्हा उठवतो, फर्मवेअर भरतो आणि जोडणी पूर्ववत करतो. सगळं सुरळीत झालं तर वापरणाऱ्याला क्षणभर नेट गेल्यासारखं वाटतं, बस्स. हे तपासून पाहता यावं म्हणून ड्रायव्हरमध्ये फर्मवेअर मुद्दाम पाडायची सोयही ठेवलेली आहे. एका फाइलमध्ये एक शब्द लिहायचा, की चिप कोसळल्याचं नाटक सुरू.

2020 मध्ये या बिघाडावरची दुरुस्ती पुढे आली, तिच्यासोबत तो हमखास घडवून आणायची कृतीही होती. फर्मवेअर पाडा, 0.05 सेकंद थांबा, लगेच वाय-फाय खाली घ्या. एवढंच. चिप पीसीआयईने जोडलेली असो वा एसडीआयओने, मशीन हँग.

त्या पन्नास मिलिसेकंदांत काय घडतं ते सावकाश पाहण्यासारखं आहे. फर्मवेअर पडल्यावर ड्रायव्हरचा सावरण्याचं काम करणारा वर्कर उठतो. तो ड्रायव्हरचं लॉक घेतो, स्थिती ‘चालू’वरून ‘पुन्हा सुरू होत आहे’ अशी बदलतो आणि ‘हॉल्ट’ला बोलावतो. हॉल्टच्या पोटात नॅपी बंद होतो, पहिल्यांदा, रीतसर. मग वर्कर वरच्या थराला, म्हणजे मॅक80211ला, सांगतो की हार्डवेअर नव्याने सुरू करा, आणि लॉक सोडतो. नव्याने सुरू करणारं काम वेगळ्या रांगेत लागतं आणि त्याला हवं असतं आरटीएनएल. हे नेटवर्कच्या सेटिंगांवरचं सामाईक लॉक. सगळ्या मशीनमध्ये एक.

नेमक्या त्या फटीत वाय-फाय खाली घ्यायची आज्ञा येते आणि आरटीएनएल तिला आधी मिळतं. ती ड्रायव्हरच्या ‘स्टॉप’मध्ये शिरते, ड्रायव्हरचं लॉक घेते आणि विचारते, स्थिती ‘बंद’ आहे का? नाही, स्थिती तर ‘पुन्हा सुरू होत आहे’. मग थांबवायलाच हवं. ती हॉल्टला बोलावते आणि नॅपी डिसेबल दुसऱ्यांदा चालतं. बिट 1 आहे. थांबूया.

इथे गाठ पक्की होते. ते बिट 0 करू शकणारा जगात एकच आहे, तो म्हणजे चिप नव्याने सुरू करणारं काम, कारण नॅपी एनेबलला तेच हाक मारणार. आणि ते काम आरटीएनएलच्या दाराशी उभं आहे. आरटीएनएल आहे झोपलेल्या आज्ञेच्या हातात. सोडवणारा बाहेर, किल्ली आत, आणि आतला बाहेरच्याची वाट पाहतोय.

कुणी म्हणेल, हे दोन धागे एकमेकांवर आदळले, लॉक नीट घातलं नव्हतं. तसं नाही, आणि मला या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं तेच वाटतं. लॉक जागच्या जागी होतं. दोघांनी ते एकामागून एक, शिस्तीत घेतलं. एकाच क्षणी दोघे कधीच आत नव्हते. लॉक गर्दी रोखतं. आधीच्याने काय करून ठेवलं ते पुढच्याला सांगत नाही. इथे उणीव शिस्तीची नव्हती, आठवणीची होती.

दुरुस्तीने तीच आठवण दिली. ड्रायव्हरच्या खुणांमध्ये एक नवा फ्लॅग आला, नॅपी सध्या चालू आहे की नाही एवढंच सांगणारा. चालू करणारं एक छोटं फंक्शन: फ्लॅग आधीच वर असेल तर परत जा, नाहीतर नॅपी चालू कर आणि फ्लॅग वर कर. बंद करणारं दुसरं: फ्लॅग खालीच असेल तर परत जा, नाहीतर चालू फेरी संपू दे, नॅपी बंद कर आणि फ्लॅग खाली कर. दोन्हींच्या पहिल्या ओळीत एक तपासणी, की बोलावणाऱ्याच्या हातात ड्रायव्हरचं लॉक आहे ना. कारण फ्लॅग पाहणं आणि त्याप्रमाणे वागणं यांच्या मध्ये दुसरं कुणी शिरलं, तर फ्लॅग असून नसल्यासारखाच. आणि मग वेगवेगळ्या प्रकारच्या जोडण्यांच्या कोडमध्ये जिथे जिथे नॅपीला थेट हाक मारली जात होती, तिथे तिथे ही नवी फंक्शनं आली. सगळा बदल एका बैठकीत वाचून होण्याइतका लहान.

इतकं सोपं असेल तर कर्नलने नॅपी डिसेबलमध्येच ही आठवण का घालू नये? मलाही आधी तसंच वाटलं. कर्नलच्या कागदपत्रात तर स्पष्ट लिहिलेलं आहे की हे फंक्शन लागोपाठ दोनदा बोलावलं तर मशीन अडकेल. माहीत असून ठेवलेली गोष्ट आहे ही. पण दोनदा ‘बंद’ म्हणण्याचा अर्थ काय, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. समजा, दोन वेगळ्या कामांना आपापल्या कारणासाठी नॅपी बंद हवाय. दुसऱ्याचं ‘बंद’ गुपचूप सोडून दिलं आणि पहिल्याने आपलं काम आटोपून ‘चालू’ केलं, तर दुसरा बेसावध सापडतो; त्याने मेमरी परत दिलेली असते आणि तिथे फेरी सुरू होते. असा बिघाड हँगपेक्षा कितीतरी वाईट, कारण त्यात डेटा बिघडतो आणि कळतही नाही.

मग मोजत जावं का? कर्नलमध्ये तशीही पद्धत आहे. इंटरप्टची ओळ दोनदा बंद केली तर ती दोनदाच चालू करावी लागते. आत खोली मोजणारा आकडा असतो आणि एखादा ‘चालू’ जास्तीचा झाला तर ‘अनबॅलन्स्ड एनेबल’ असा इशारा लॉगमध्ये उमटतो. वीज पुरवणाऱ्या रेग्युलेटरांचा हिशेबही असाच ठेवतात. पण एटीएच10केच्या या प्रसंगात मोजणी घातली असती तर काय झालं असतं पाहा. हॉल्ट दोनदा, म्हणून आकडा 2. नंतर वाय-फाय पुन्हा चालू केलं, एनेबल एकदाच, आकडा 1. मशीन अडकलं नसतं, पण वाय-फाय चालू दिसून एकही पॅकेट आत आलं नसतं. इथली दोन ‘बंद’ ही दोन गरजा नव्हत्या. एकच गरज दोन रस्त्यांनी आली होती. हे ज्ञान बिटाकडे नाही, नॅपीकडे नाही, कर्नलच्या गाभ्याकडेही नाही. ते फक्त ड्रायव्हरकडे आहे, कारण फर्मवेअर पडल्यावर काय होतं आणि माणसाने आज्ञा दिल्यावर काय होतं या दोन्ही गोष्टी त्यालाच ठाऊक. म्हणून फ्लॅग ड्रायव्हरमध्येच असायला हवा होता, आणि तिथेच आला.

गाभ्यातला कोडही दरम्यान बदलत राहिलाय. वाट पाहताना पूर्वी एक-एक मिलिसेकंदाची झोप मागितली जायची, आता 20 ते 200 मायक्रोसेकंदांची. 2025 पासून नॅपी चालू-बंद करताना त्या त्या नेटवर्क उपकरणाचं स्वतःचं लॉकही घेतलं जातं. तरी बंदला पुन्हा बंद केलं तर अडकणं तसंच आहे.

आता ज्याला हा बिघाड शोधायचा असतो त्याची पंचाईत. कर्नलमध्ये अडकलेल्या कामांवर नजर ठेवणारा एक पहारेकरी असतो. एखादं काम बहुधा 120 सेकंदांहून जास्त वेळ अखंड झोपलेलं दिसलं, की तो त्याचं नाव आणि तेव्हाची फंक्शनांची साखळी लॉगमध्ये छापतो. पण तो ‘अखंड’ शब्दाला जागतो. मधल्या काळात काम एकदाही प्रोसेसरवर आलं असेल तर ते जिवंत समजतो. आपला मूळ अडकलेला धागा तर क्षणाक्षणाला जागा होऊन बिट पाहतोय. त्यामुळे पहारेकऱ्याच्या यादीत तो येतच नाही. यादीत येतात आरटीएनएलसाठी निपचित पडलेले बाकीचे: नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम, मॅक80211चं पुन्हा सुरू करणारं काम, आणखी कुणी. नवख्याने लॉग वाचला तर तो या बिचाऱ्यांच्याच कोडमध्ये चूक शोधत बसेल.

अनुभवी माणूस लॉगवर न थांबता मॅजिक सिसआरक्यूची सोय वापरतो. तिच्या फाइलमध्ये ‘डब्ल्यू’ हे एक अक्षर लिहिलं की त्या घडीला उठवता न येणाऱ्या झोपेत असलेली सगळी कामं, कितीही थोडा वेळ झोपलेली असोत, आपापल्या साखळीसकट लॉगमध्ये उतरतात. मग आरटीएनएलपाशी थांबलेल्यांच्या रांगेत एक साखळी वेगळी दिसते. वरती झोपेचं फंक्शन, त्याखाली नॅपी डिसेबल, त्याखाली ड्रायव्हरचं हॉल्ट, त्याखाली स्टॉप. दहा सेकंदांनी पुन्हा तेच अक्षर लिहिलं तर तीच साखळी पुन्हा, जशीच्या तशी. नॅपीची फेरी दहा सेकंद चालत नसते, तेव्हा बिट दुसऱ्या कुणाच्या हातात नाही हे तिथेच कळतं, आणि शोध वळतो ड्रायव्हरच्या कोडकडे: या आधी हॉल्टला कुणी बोलावलं?